साम्राज्यकालीन चीनमधील अवर्षणे आणि शीतसंकटे

इ.स.पूर्व २२१ मध्ये चिन घराण्याने चीन एका सत्तेखाली आणला आणि १९१२ मध्ये चिंग घराण्याचा शेवटचा बालसम्राट पायउतार झाला. या एकवीसशे वर्षांत पाऊस हुकल्याची, टोळधाडीची किंवा अवेळी पडलेल्या हिमाची वर्दी कुठल्या ना कुठल्या प्रांतातून राजधानीत आली नाही, असे दशक क्वचितच गेले असेल. या वर्द्या जपून ठेवल्या जात. सम्राट हा ‘स्वर्गाचा पुत्र’ आणि त्याचा कारभार बिघडला की निसर्गही बिघडतो, ही समजूत हान काळापासून पक्की होती. त्यामुळे आपत्तीची नोंद हा राज्यकारभाराचाच भाग ठरला. बहुतेक मोठ्या घराण्यांच्या अधिकृत इतिहासांत ‘पंचतत्त्वे’ या नावाचा स्वतंत्र विभाग असे. त्यात दुष्काळ, पूर, भूकंप, टोळ आणि अकाली हिम यांच्या नोंदी वर्ष, महिना आणि ठिकाणासह येत. जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्थानिक बखरींतही अशाच नोंदी सापडतात.

चिंग काळात या नोंदींना मोजमापाची जोड मिळाली. कांग्शी सम्राटाच्या कारकिर्दीत, १६९३ च्या सुमारास, पाऊस किंवा बर्फ पडल्यावर ओल जमिनीत किती खोल गेली ते मोजून दरबाराला कळवण्याची प्रथा सुरू झाली. ती १९११ पर्यंत टिकली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे माप अतिशय नेमके होते, कारण पेरणी करायची की नाही हे किती पाऊस पडला यापेक्षा किती ओल मुरली यावर ठरते. अशा कागदपत्रांच्या आधारे चिनी हवामानशास्त्रज्ञांनी १४७० पासूनच्या पाच शतकांचे नकाशे तयार केले आणि १२० ठिकाणांची दरवर्षीची स्थिती अतिवृष्टीपासून तीव्र अवर्षणापर्यंत पाच श्रेणींत मांडली. जू कजेन या शास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेगळी वाट धरली. फुले कधी उमलली, संत्र्यांच्या बागा कुठवर होत्या, कोणते सरोवर कोणत्या वर्षी गोठले, अशा जुन्या उल्लेखांवरून त्यांनी चीनच्या पाच हजार वर्षांच्या तापमानाचा आलेख काढला.

उत्तर चीनमध्ये अवर्षण वारंवार का पडते, याचे मूळ मोसमी पावसाच्या प्रवासात आहे. पावसाचा पट्टा मे महिन्यात दक्षिण किनाऱ्यावर असतो. जूनमध्ये तो यांगत्सेच्या खोऱ्यात येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ह्वांग होच्या मैदानात पोचतो. वर्षाचा बहुतेक पाऊस उत्तरेत याच दोन महिन्यांत पडतो. मोसमी वारे दुबळे असले तर पट्टा यांगत्सेवरच रेंगाळतो. मग तिथे पूर येतात आणि उत्तरेत राळा, ज्वारी करपून जाते. पुढे हिवाळ्यात बर्फही पडले नाही, तर गव्हाला ओल मिळत नाही आणि दुसरे पीकही हातचे जाते. उत्तरेतील मोठे दुष्काळ अशा सलग हुकलेल्या हंगामांचे होते. एका वर्षाची तूट बहुतेक कुटुंबे घरातल्या साठ्यावर भागवत.

थंडी येते ती उलट्या दिशेने. हिवाळ्यात सायबेरियावर जड, थंड हवेचा उच्च दाब तयार होतो आणि ती हवा दक्षिणेकडे लोटली जाते. पश्चिमेला चिनलिंग पर्वत आडवा असल्याने सिचुआनचे खोरे बऱ्यापैकी बचावते. पूर्वेच्या मैदानात मात्र पार दक्षिणेपर्यंत तिला अडवणारी मोठी रांग नाही. म्हणूनच कर्कवृत्ताजवळच्या प्रदेशातही अधूनमधून बर्फ पडल्याच्या नोंदी आहेत.

इ.स. २२५ मध्ये वेई राज्याचा सम्राट त्साओ पी मोठे आरमार घेऊन यांगत्सेकाठी आला. त्या वर्षी जलमार्ग असे गोठले की नौका यांगत्सेत उतरवताच आल्या नाहीत आणि त्याला मोहीम आवरती घ्यावी लागली. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सोंग काळात हवामान पुन्हा कडक झाले. १११० मध्ये दक्षिणेकडील फूज्यानमध्ये लिचीची झाडे थंडीने मेली. ११११ मध्ये शांघायच्या पश्चिमेचे ताय सरोवर इतके घट्ट गोठले की बर्फावरून गाड्या गेल्या आणि सरोवरातील डोंगरांवरच्या प्रसिद्ध संत्राबागा जळून गेल्या. ११७८ मध्ये फूज्यानच्या लिचीवर तीच पाळी आली. संत्री आणि लिची ही सरंजामी चैनीची फळे वाटतील, पण सरोवरातल्या त्या डोंगरांवरच्या लोकांचे पोट बागांवरच चाले. ते फळे विकून धान्य आणत. बाग मेली की नवी झाडे फळाला येईपर्यंत हाती काहीच उरत नसे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून थंडीचे फेरे वाढले. १४९३-९४ च्या हिवाळ्यात ह्वाय नदीच्या खोऱ्यात दीर्घकाळ बर्फ पडत राहिले आणि ज्यांग्सूच्या उत्तर भागात समुद्रकिनाराही गोठला. १५०६ मध्ये उष्ण कटिबंधातील हायनान बेटावर बर्फ पडले. सर्वांत थंड काळ सतराव्या शतकाचा उत्तरार्ध ठरला. ज्यांग्शी प्रांतात १६५४ आणि १६७६ च्या हिवाळ्यांनी संत्र्यांच्या बागा अशा उद्ध्वस्त केल्या की शेतकऱ्यांनी ती लागवडच सोडून दिली. इतिहासकार तान चियान १६५३ ते १६५५ या काळात महाकालव्याने बेइजिंगला जाऊन परतला आणि त्याने वाटेतल्या हवापाण्याची बारकाईने दैनंदिनी ठेवली. तिच्यावरून जू कजेन यांनी कालव्याचे पाणी त्या काळी १०७ दिवस गोठलेले असे, हा निष्कर्ष काढला. दक्षिणेचा तांदूळ राजधानीत येई तो याच कालव्याने. हिवाळा लांबला की धान्याच्या नावा वाटेतच अडकून पडत.

काही शीतसंकटांमागे ज्वालामुखी होते. ५३६ मध्ये ज्वालामुखीच्या राखेने व वायूंनी उत्तर गोलार्धातले ऊन मंदावले. त्या सुमारास चीनच्या नोंदींत आकाशातून पिवळी धूळ बर्फासारखी पडल्याचा आणि उन्हाळ्यात हिम-दहिवराने पिके गेल्याचा उल्लेख येतो. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोराचा उद्रेक झाला, तेव्हा नैऋत्येकडील युन्नानमध्ये ऐन हंगामात थंडी पडून भाताची लोंबी भरलीच नाही. सलग तीन वर्षे तिथे भूक होती. ली युयांग या स्थानिक कवीने त्या हालांवर कविता लिहिल्या आणि आज हवामानाच्या अभ्यासकांना त्या साक्षीपुराव्यासारख्या उपयोगी पडतात.

जानेवारी १८९३ ची लाट आधुनिक उपकरणांनी टिपली. १८ तारखेला हाँगकाँगच्या वेधशाळेत पारा ०.० अंशावर गेला आणि दुसऱ्या दिवशी शांघायमध्ये उणे १२.१ अंश नोंदले गेले. जुन्या बखरींतील गोठलेल्या सरोवरांची वर्णने अतिशयोक्त नव्हती, याचा हा एक आधार आहे.

चीनच्या उत्तर सीमेपलीकडे, गवताळ प्रदेशात, थंडीचा घाव सर्वांत खोल बसे. तिथल्या पशुपालकांकडे चाऱ्याचा साठा नसे. जाड बर्फ पडले किंवा वितळून पुन्हा गोठले की जनावरांना खालचे गवत मिळत नसे आणि काही आठवड्यांत कळप संपत. इ.स.पूर्व ७१ च्या हिवाळ्यात श्योंग्नू लोकांचा प्रमुख स्वारीवरून परतत असताना एकाच दिवसात माणसाहून उंच बर्फ पडले. हान इतिहास सांगतो की दहांत एकही माणूस किंवा जनावर परत आले नाही. इ.स. ४६ च्या सुमारास त्याच लोकांवर अवर्षण आणि टोळ ओढवले आणि दोन वर्षांत त्यांच्यात फूट पडली. ६२७ मध्ये पूर्वेकडील तुर्कांचे घोडे-मेंढ्या बर्फात मेले आणि ६३० मध्ये तांग सैन्याने त्यांचा पाडाव केला. ८३९ मध्ये उइगुरांच्या राज्यात हिमवर्षाव आणि रोगराई आली. पुढच्याच वर्षी किरगिझांनी त्यांची राजधानी जाळली. स्टेपमध्ये संकट आले की त्याची झळ चीनला लागे. कधी शरणार्थी येत, तर कधी उपाशी स्वारांच्या टोळ्या.

खुद्द चीनमध्ये अवर्षण पडले की सम्राट प्रथम स्वतःकडे दोष घेई. तो जाहीर कबुली देई, जेवणातले पदार्थ कमी करी, कैद्यांच्या शिक्षा पुन्हा तपासायला लावी आणि पावसासाठी पूजा करी. ६२८ मध्ये राजधानीजवळ टोळ आले तेव्हा तांग सम्राट तायजोंग याने बागेतले काही टोळ उचलून गिळले आणि जनतेच्या धान्याऐवजी माझे काळीज खा, असे त्यांना बजावले. १५८५ च्या अवर्षणात मिंग सम्राट वानली पालखी नाकारून पायी स्वर्गमंदिरात गेला. राजाला प्रजेपुढे उत्तरदायी ठेवणारा हा विचार होता आणि त्याचे मोल कमी लेखू नये. मात्र त्याला एक काळी बाजूही होती. आपत्ती म्हणजे राज्यकर्त्याचा दोष असेल, तर खालच्या अधिकाऱ्याला ती लपवण्याचा मोह होणारच. ८७४ च्या सुरुवातीला लू शिए या दरबारी विद्वानाने कळवले की लोक रानतणाचे बी दळून खात आहेत आणि झाडपाला साठवत आहेत, तरी करवसुली थांबलेली नाही. ८७५ मध्ये टोळ राजधानी-परिसरात आले, तर तिथल्या अधिकाऱ्याने अहवाल दिला की टोळांनी पिकाला तोंडही लावले नाही, काटेरी झुडपांना बिलगून ते आपोआप मेले. मंत्र्यांनी सम्राटाचे अभिनंदन केले! तोवर पूर्वेत बंड पेटले होते. ८८१ च्या जानेवारीत ह्वांग चाओ या मिठाच्या चोरट्या व्यापाऱ्याने बंडखोरांसह राजधानी चांगआन घेतली.

सोंग काळात अशी लपवाछपवी एका कनिष्ठ अधिकाऱ्याने मोडून काढली. १०७३ च्या उन्हाळ्यापासून १०७४ च्या वसंतापर्यंत उत्तरेत पाऊस नव्हता. मंत्री वांग आनशी याच्या आर्थिक सुधारणांची कर्जे फेडण्यासाठी शेतकऱ्यांमागे तगादा चालूच होता. कायफेंगच्या एका वेशीवर नेमलेला जेंग श्या रोज गावाकडून येणारे विस्थापितांचे लोंढे पाहत होता. त्याने ते चित्रात उतरवले आणि नेहमीच्या मार्गाने कागद पुढे जात नाही म्हणून तातडीचा लष्करी खलिता असल्याचे भासवून ते चित्र सम्राट शेनजोंगकडे धाडले. सम्राट हादरला. सुधारणांना काही काळ स्थगिती मिळाली आणि वांग आनशीने पद सोडले. जेंग श्याला पुढे हद्दपारी भोगावी लागली.

धान्य साठवून ठेवण्याची व्यवस्था चीनमध्ये फार जुनी होती. इ.स.पूर्व ५४ मध्ये गेंग शोउचांग या हान मंत्र्याच्या सल्ल्याने सीमाभागात समतोल कोठारे उभी राहिली. भाव पडले की सरकार धान्य घेई आणि चढले की विकी. सुई काळात, ५८५ मध्ये, गावोगावी लोकांच्या वर्गणीतून कोठारे भरण्याची पद्धत आली. तत्त्वज्ञ जू शी याने फूज्यानमधील दुष्काळानंतर ११७१ मध्ये गावकऱ्यांनी चालवायचे कोठार सुरू केले आणि ते साम्राज्यभर नमुना ठरले.

ज्ञानाचीही मदत झाली. मिंग संस्थापकाचा मुलगा जू सू याने कायफेंगमधल्या आपल्या बागेत रानवनस्पती लावून पाहिल्या आणि १४०६ मध्ये दुष्काळात खाता येतील अशा ४१४ वनस्पतींचा सचित्र ग्रंथ काढला. पाने कशी उकळायची, कडवटपणा कसा काढायचा, हे त्यात साध्या भाषेत आहे. एखाद्या राजपुत्राने उपाशी माणसासाठी एवढे कष्ट घ्यावेत, हे जगाच्या इतिहासात विरळाच. १५९३ मध्ये लुझॉनहून फूज्यानमध्ये रताळ्याचा वेल आला. पुढच्याच वर्षी भाताचे पीक गेले, तेव्हा प्रांताधिकारी जिन श्युएजेंग याने त्याची लागवड करवली. शू ग्वांगची या विद्वान मंत्र्याने जुन्या ग्रंथांतील १११ टोळधाडी महिन्यांप्रमाणे मांडून पाहिल्या. त्या बहुतेक उन्हाळ्यात येतात आणि टोळांची पैदास पाणी चढते-उतरते अशा सरोवरकाठच्या दलदलीत होते, हे त्याने ताडले. अवर्षणात पाणी हटले की तीच जमीन अंडी घालायला मोकळी होते. दुष्काळामागून टोळधाड का येते, याचे हे उत्तर आजही योग्य मानले जाते.

शू ग्वांगची १६३३ मध्ये वारला आणि त्यानंतर काही वर्षांतच मिंग साम्राज्यावर सर्वांत मोठे अवर्षण कोसळले. त्याची सुरुवात वायव्येतील शेन्शी प्रांतात १६२८ मध्ये झाली होती. मा माओत्साय हा अधिकारी तिथलाच भूमिपुत्र. १६२९ मध्ये त्याने सम्राट चोंगजेनला लिहिले की यानआन भागातील लोकांनी आधी रानातले तण खाल्ले, मग झाडांच्या साली, आणि सालीही संपल्यावर डोंगरातला मऊ दगड. पोट भरल्यासारखे वाटे आणि काही दिवसांत माणूस मरे. त्याच सुमारास खर्चकपातीसाठी सरकारी टपालचौक्यांवरचे सेवक कमी केले गेले. नोकरी गेलेल्यांपैकी ली जचेंग पुढे बंडखोरांचा सेनापती झाला.

१६३७ ते १६४३ या काळात अवर्षण ह्वांग होच्या मैदानभर पसरले. पाच शतकांच्या नकाशांत एवढे दीर्घ आणि एवढे विस्तृत अवर्षण दुसरे नाही. शांडोंगमध्ये महाकालवा कोरडा पडला. १६४१ च्या जानेवारीत फिलिपिन्समधील पार्कर ज्वालामुखीच्या उद्रेकाने गारवा आणखी वाढवला. टोळ आले, त्यामागून साथ आली आणि १६४३ मध्ये ती बेइजिंगमध्ये घरेच्या घरे रिकामी करून गेली. नेमक्या याच वर्षांत ईशान्येतील मांचूंशी युद्धासाठी सारा वाढवत नेला होता आणि कोठारांत खडखडाट होता. एप्रिल १६४४ मध्ये ली जचेंग राजधानीत शिरला आणि चोंगजेनने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. गान्सूतील वानश्यांग गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तांग, युआन आणि मिंग या तिन्ही घराण्यांच्या अखेरीस मोसमी वारे दुबळे होते, असे त्यातून दिसले. तांगच्या बाबतीत अभ्यासकांत मतभेद आहेत. मिंगच्या बाबतीत कागद आणि दगड एकच सांगतात. तरीही घराणे पडले त्याचे कारण केवळ पाऊस नव्हता, कारण शंभर वर्षांनी त्याच मैदानात पाऊस पुन्हा हुकला आणि निकाल वेगळा लागला.

१७४३ चा उन्हाळा बेइजिंगच्या परिसरात भाजून काढणारा होता. तिथल्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यांनी तापमापकावर ४४ अंशांहून अधिक तापमान नोंदले. १४ ते २५ जुलै या बारा दिवसांत शहर आणि उपनगरांत ११,४०० माणसे उष्म्याने मेल्याचे गोबिल या पाद्र्याने लिहिले आहे. राजधानीभोवतीच्या जिली प्रांतात पिके गेली. चिंग प्रशासनाने मात्र नियम आधीच घालून ठेवले होते. नुकसान दहा भागांत मोजले जाई, साधारणपणे आपल्याकडील आणेवारीसारखे. पीक पूर्ण गेले तर साऱ्याच्या दहांपैकी सात भाग माफ, नऊ भाग गेले तर सहा, आठला चार, सातला दोन, आणि सहा किंवा पाचला एक. अधिकारी गावोगाव जाऊन कुटुंबांची यादी करत, अतिगरीब आणि गरीब असे दोन वर्ग पाडत आणि शिधापत्रे देत. प्रौढाला रोज सुमारे अर्धा लिटर धान्य आणि मुलाला त्याच्या निम्मे मिळे. घर सोडून गेलेल्यांसाठी पेजेची अन्नछत्रे होती. राजधानीकडे आलेल्या कालव्यावरच्या मोठ्या कोठारांतला तांदूळ आपत्तिग्रस्त जिल्ह्यांकडे वळवला गेला. या कामात फांग ग्वानचेंग या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. पुढे त्याने सगळे हुकूम, तक्ते आणि हिशेब एकत्र छापले आणि त्यामुळेच हे काम आज बारकाईने कळते. अवर्षण तीव्र असूनही मृत्यूचे तांडव टळले. धान्य होते, पैसा होता, जलमार्ग चालू होता आणि माणसे घरी थांबली होती.

एकोणिसाव्या शतकात यातला एकेक आधार निखळला. १८५० ते १८६४ च्या तायपिंग बंडाने खजिना रिता केला. बऱ्याच जिल्ह्यांतील कोठारे लुटली गेली किंवा पुन्हा भरलीच गेली नाहीत. १८५५ मध्ये ह्वांग होने पात्र बदलले आणि शांडोंगमधला महाकालवा निकामी होत गेला. अशा स्थितीत १८७६ पासून सलग तीन वर्षे पाऊस हुकला. शान्शी, हेनान, शेन्शी, जिली आणि शांडोंग हे पाच प्रांत होरपळले. १८७७-७८ मध्ये प्रशांत महासागर विलक्षण तापला होता. ‘एल निनो’च्या या तीव्र फेऱ्याचा फटका आशियाभर बसला आणि याच वर्षांच्या आगेमागे दख्खनही दुष्काळात होता. सोलापूर, अहमदनगर, साताऱ्याकडची खेडी ओस पडत असताना पुण्याची सार्वजनिक सभा सरकारला अहवालांमागून अहवाल पाठवत होती.

सर्वांत भीषण हाल शान्शीत झाले. हा प्रांत डोंगरांनी वेढलेला, नावा चालतील अशी नदी नाही, आणि बऱ्याच चांगल्या जमिनीवर अफू पेरलेली. धान्य त्येनचिन बंदरापर्यंत समुद्रमार्गे येई, पण तिथून शान्शीत जाणारी वाट गूग्वान खिंडीतून होती. उंट, खेचरे, गाढवे आणि हमाल अरुंद रस्त्यावर समोरासमोर अडकत, जनावरे वाटेत मरत आणि पोती लुटली जात. बंदरात धान्याचे ढीग भिजत असताना डोंगरापलीकडे लोक उपाशी मरत होते. सुभेदार जेंग ग्वोच्वान आणि दरबाराने धाडलेला यान जिंगमिंग यांनी पैसा मागण्याची पराकाष्ठा केली. दरबारात मात्र किनाऱ्याचे संरक्षण की शिनज्यांगची मोहीम असा वाद चालू होता, आणि जुओ जोंगतांगच्या मोहिमेवर मोठा निधी जात होता.

सरकार अपुरे पडले तिथे दुसरी माणसे उभी राहिली. सूजोउ आणि शांघायच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी गोळा केली. शिए ज्याफू याने दुष्काळाची चित्रे छापून वाटली, म्हणजे दक्षिणेतल्या सुखवस्तू घरांना उत्तरेचे हाल दिसावेत. या व्यापाऱ्यांची विनवण्यांची पत्रे शांघायच्या वृत्तपत्रांत येत. टिमोथी रिचर्ड हा वेल्श मिशनरी शान्शीत गावोगाव फिरून पैसे वाटत होता. १८७९ मध्ये पाऊस परतला तोवर ९० लाख ते १ कोटी ३० लाख माणसे गेली होती. शान्शीतील अनेक जिल्ह्यांत शेती करायला हात उरले नव्हते. सारा कागदोपत्री माफ झाला, पण जमिनी पडीकच राहिल्या.

साम्राज्याचे शेवटचे मोठे अवर्षण १८९९ ते १९०१ चे. शांडोंग आणि जिलीत पेरण्या झाल्या नाहीत, रिकाम्या हातांची तरुण मुले परकीयविरोधी बॉक्सर बंडखोरांच्या जथ्यांत गेली, आणि परकीयांना हाकलल्याशिवाय पाऊस पडणार नाही अशी भित्तिपत्रके गावोगाव लागली. ऑगस्ट १९०० मध्ये परकीय फौजा बेइजिंगमध्ये शिरल्या. राजमाता त्सशी सम्राटाला घेऊन पळाली आणि ऑक्टोबरअखेर शेन्शीतील शीआनला पोचली. तो प्रांत तेव्हा दुष्काळातच होता. दरबाराच्या मुक्कामासाठी दक्षिणेचे प्रांत खंडणी आणि धान्य पाठवू लागले. त्याच शहराच्या तटाबाहेर उपाशी शेतकरी गुहा खोदून राहत होते आणि अन्नछत्रांच्या रांगेत मरत होते. १९०१ च्या पावसाने हंगाम सावरला आणि ऑक्टोबरमध्ये दरबार बेइजिंगकडे परत निघाला.